हंड्याचा घाम

रविवारी सकाळी बेबीबाई रामटेकेच्या क्वार्टरसमोर एक जीप थांबली आणि तिच्यातून आधी एक बाटली उतरली. माणसंही उतरली, पण बेबीबाईची नजर गेली ती बाटलीवर. लाल फडक्यात गुंडाळलेली, तोंडाला काळा दोरा बांधलेली, आणि ज्याच्या हातात होती तो तिला अंगापासून लांब धरून चालत होता. बेबीबाईनं जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, बावीस वर्षं काचेची भांडी धुतली होती आणि साहेबांसाठी नमुने आटवले होते. बाटली कोण कशी धरतो यावरून तिला बरंच काही कळायचं. या माणसाला आत काय आहे ते नीट माहीत नव्हतं आणि त्याला त्याची भीती वाटत होती, एवढं तर तिला दारातूनच कळलं.

तो वीरेंद्र. त्याच्यामागे त्याचा बाप दयाराम, बरगीच्या धरणाकाठचा, थोडी शेती आणि थोडी मासेमारी करणारा. आणि दोघांच्या मधे वीरेंद्रची बहीण प्रियंका, रात्रपाळीतूनच उठवून आणलेली, पांढरा युनिफॉर्म अजून अंगावर, डोळे रडून सुजलेले. प्रियंका रांझीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती आणि तिथंच खोली घेऊन राहायची. तिचं आणि बेबीबाईच्या मुलाचं, केतनचं, लग्न ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्या दोघांनीच ठरवलं होतं. कलेक्टर कचेरीत महिनाभराची नोटीस लागली होती, मुदत मंगळवारी संपत होती आणि बुधवारी सह्या व्हायच्या होत्या. त्या नोटिशीच्या फळ्यावर गावातल्या कुणीतरी नाव वाचलं आणि बरगीपर्यंत बोंब गेली.

केतन घरी नव्हता. ओव्हरटाइमला गेला होता, आणि कारखान्यात जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, म्हणजे त्याला बोलवायची सोयच नाही. बेबीबाईला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पोरगा तापट. त्यानं पहिल्याच वाक्याला कुणाची तरी कॉलर धरली असती आणि मग सगळं प्रकरण ठाण्यात गेलं असतं.

"या, बसा," ती म्हणाली. "बैठिए भैया. पानी लाती हूँ."

"तुम्हारे घर का पानी?" वीरेंद्र हसला. "एक बार पी के देख लिया हमारी बहन ने."

थोडा वेळ ताकास तूर लागू न देता बोलणं झालं आणि मग सगळं बाहेर आलं. झालं होतं ते असं. महिन्यापूर्वी रात्रपाळी संपवून प्रियंका इथं आली होती, पोटात कळा येत होत्या, उभं राहवत नव्हतं. बेबीबाईनं तिला दोन चमचे ओव्याचा अर्क पाजला होता. तासाभरात पोरगी उठून बसली, वरण-भात जेवली, आणि कौतुकानं आपल्या आईला फोनवर म्हणाली, "केतन की मम्मी ने अरक पिलाया, एकदम ठीक हो गई." बस. एवढं एक वाक्य. नोटीस फुटल्यावर घरच्यांना तेच आठवलं. बरगीच्या रस्त्यावर बॅनर लावून बसणाऱ्या एका गुनियानं, म्हणजे तिकडच्या मांत्रिकानं, डोळे मिटून सांगितलं, की हा मोहिनी अरक आहे. पोरीला बांधून टाकलंय. तोड एकच: त्यानं दिलेली बाटली प्यायची. ज्या घरात पाजलं त्याच घरात, जिनं पाजलं तिच्या डोळ्यांदेखत.

बेबीबाईनं सगळं ऐकून घेतलं. रामटेके आडनाव, भिंतीवर बुद्ध आणि निळ्या कोटातला फोटो, हे त्या बापलेकांनी आत येतानाच बघितलं होतं हे तिनंही बघितलं होतं. खरं दुखणं कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण जात काढली तर उद्या कायद्याला तोंड द्यावं लागतं. जादू काढली की कुणी काही विचारत नाही, उलट चार बायका हळहळायला येतात. मोठा सोयीचा शब्द आहे हा.

"आमच्यात असलं चालत नाही," ती म्हणाली. "गंडेदोरे, मंतरतंतर, सगळं सोडून आमच्या घराले दोन पिढ्या झाल्या."

"सब यही कहते हैं," वीरेंद्र म्हणाला आणि त्यानं बाटली स्टुलावर ठेवली.

तेव्हा प्रियंकानं तोंड उघडलं. आवाज बसलेला होता. "आंटी, पी लेती हूँ ना. दो घूँट तो हैं. पापा का मन रह जाएगा. रात से यही चल रहा है, मैं थक गई हूँ."

आतापर्यंत बेबीबाई शांत होती. पण हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. याच शब्दांत नाही, पण हेच.

तिच्या सासूनं सांगितलेलं. लीलाबाई. लीलाबाई लहानपणी कामठीला एका हकिमाच्या दुकानात बाटल्या धुवायची आणि धुता धुता अर्क काढायला शिकली. लग्न होऊन वैनगंगेकाठच्या एका गावी गेली, तिथं लेकराबाळांच्या पोटदुखीला अर्क द्यायला लागली. गाव खूश होतं. मग एका घरातलं लेकरू तापानं गेलं आणि गाव फिरलं. हिनं काहीतरी पाजलं म्हणाले. मारझोड करून अंगणात बसवलं, तिच्यापुढे एक वाटी ठेवली, कसल्या कसल्या राखेची, आणि म्हणाले, पी, म्हणजे उतरेल. लीलाबाईनं विचार केला, दोन घोट तर आहेत, एकदाचं संपेल. ती प्यायली. आणि दुसऱ्या दिवसापासून गाव म्हणायला लागलं, बघा, स्वतः कबूल झाली. जादू नसती तर तोड कशाला प्यायली असती? विहिरीवर कुणी येऊ देईना. शेवटी नवऱ्याचा एक चुलता जबलपूरला कारखान्यात होता, त्याच्या आसऱ्यानं दोघं इकडे आली. येताना भांडी सगळी तिथंच राहिली, आणला तो फक्त अर्क काढायचा तांब्याचा हंडा.

मरायच्या आदल्या वर्षी लीलाबाई बेबीबाईला म्हणाली होती, "त्यायनं मारलं थे मी विसरली, बेबी. पन मी पेली, थे नाई विसरत. नव्हतं प्यायचं मले."

बेबीबाई उठली. स्टुलावरची बाटली उचलून तिनं दयारामच्या पायाशी ठेवली, वीरेंद्रच्या नाही.

"नाही प्यायची," ती म्हणाली. रागावली की बेबीबाईला मराठीच यायची, समोरच्याला समजो न समजो. "दोन घोट असो की एक थेंब. पोरी, तू हे पेली तर माझी सासू पुन्हा एकदा पेली. मी जिती असताना माझ्या घरात हे होणार नाही."

"क्या बोल रही है?" वीरेंद्रनं विचारलं.

"मना कर रही हैं," प्रियंका म्हणाली. दोन-तीन वर्षांत तिला मराठी बरंच समजायला लागलं होतं.

वीरेंद्र ताडकन उठला. त्यानं प्रियंकाचं मनगट धरलं आणि वाकून बाटली उचलली. बेबीबाई मधे येऊन उभी राहिली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, उंची त्याच्या खांद्यालाही पुरेना. पण तिनं आवाज चढवला तो असा, की समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडली.

"हात सोड तिचा! तुम्ही काय पाहायला आले? मी काय पाजलं थेच ना? मग पाहून जा ना, घाबरून काहून राहिले? आत्ता काढते अर्क. तुमच्यासमोर. दीड तास लागेल. बसायची हिंमत असेल तर बसा, नाहीतर बाटली घेऊन चालायला लागा."

प्रियंकानं मनगट चोळत ते हिंदीत सांगितलं, आणि शेवटचं वाक्य तर जरा जास्तच ठसक्यात सांगितलं.

"टाइम नहीं है हमारे पास," वीरेंद्र म्हणाला.

"बैठ," दयाराम म्हणाला. "देख लेते हैं."

मागच्या अंगणात विटांची चूल होती. बेबीबाईनं माळ्यावरचा हंडा काढून घेतला, एका बाजूला पोचा आलेला, आतून लखलखीत. त्यात रात्रीच भिजत घातलेला ओवा आणि पाणी ओतलं. मधोमध एक वीट ठेवली, विटेवर वाडगं. हंड्याच्या तोंडावर गोल बुडाचं पातेलं बसवलं, फटी कणकेनं लिंपल्या आणि पातेल्यात गार पाणी भरलं. दयाराम दोन हात अंतरावर उकिडवा बसून डोळ्यात तेल घालून बघत होता. कुठं काही पुडी सुटते का, काही केस, काही नख. सुटलं नाही.

"मंतर कब पढ़ती हो?" त्यानं विचारलं.

"पढ़ती नहीं, गिनती हूँ. वरचं पाणी गरम झालं की बदलायचं. तीन वेळा बदललं की झालं. लाकडं ओली आहेत, भैया, जरा फुंका. माझे गुडघे वाकत नाहीत."

दयारामनं क्षणभर मुलाकडे पाहिलं आणि फुंकणी उचलली. वीरेंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पापा, आप यहाँ चूल्हा फूँकने आए हैं?" पण चूल पेटवणं दयारामच्या अंगात मुरलेलं होतं. ओली लाकडं कशी रचायची हे त्यानंच मग बेबीबाईला दाखवलं.

तिसरं पाणी चढवताना बेबीबाईनं फडक्यानं धरून पातेलं क्षणभर उचललं आणि तिरकं करून त्याचं बूड सगळ्यांना दाखवलं. बुडाला बाहेरून थेंबच थेंब लटकले होते. मधोमध जमून एकेक खालच्या वाडग्यात पडत होता.

"हे पाहा. हाच अरक. शब्द कुठून आला माहीत आहे का? माझी सासू ज्या हकिमाकडे बाटल्या धुवायची त्यानं तिला सांगितलं होतं. अरबांचा शब्द आहे. तिकडे अरक म्हणजे घाम. पसीना. भांड्याच्या अंगाला घाम फुटते आणि तो टपकते, म्हणून त्याचं नाव अरक. गुलाबाचा असो, ओव्याचा असो, नाहीतर तुमच्याकडच्या मोहाचा. देवानं दिलं नाही, भुतानं दिलं नाही. नाव ठेवणारानं चुलीपाशी बसूनच ठेवलं असेल, तुमच्यासारखं."

प्रियंकानं हे हिंदीत सांगितलं. दयारामच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकला होता. त्यानं तो गमछ्यानं पुसला आणि गमछ्याकडे एकदा बघितलं.

बेबीबाईला आता थांबवत नव्हतं. लीलाबाईचं आणि स्वतःचं, सगळं एकदमच वर आलं होतं. "आणि तुम्ही म्हणता मोहिनी! घाम पाजून माणूस मोहात पडते का, भैया? पडत असता तर आमची जात केव्हाच या सगळ्या मुलखाची लाडकी झाली असती. घामाशिवाय दुसरं दिलं काय आम्ही लोकांना?"

हे प्रियंकानं हिंदीत सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. दयाराम चुलीतल्या लाकडाकडे बघत राहिला आणि वीरेंद्र गेटकडे.

अर्क तयार झाला. अंगणभर ओव्याचा वास सुटला होता. बेबीबाईनं वाडगं काढलं, आधी स्वतः एक चमचा प्यायली, मग चमचा धुऊन दयारामपुढे धरला. इथं मात्र तो अडला. या घरातलं पाणी त्यानं घेतलं नव्हतं, आणि हा तर या घराचा अर्क. चमचा हवेत राहिला. बेबीबाईनंही हात मागे घेतला नाही.

दयाराम प्यायला. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. "तेज है," म्हणाला. आणि थोड्या वेळानं त्याला असा दणदणीत ढेकर आला, की समोरच्या खिडकीतली बाई खुदकन हसली.

"आता सांगा," बेबीबाई म्हणाली, "झाले का माझ्यावर मोहित?"

प्रियंकाला हसू आवरेना. रात्रभर रडलेल्या तोंडानं ती हसली, आणि दयारामनं मान खाली घातली ती रागानं की हसू लपवायला ते त्यालाच माहीत.

"झालं तुमचं पाहून," बेबीबाई म्हणाली. "आता माझी पाळी. काढा तुमची बाटली."

वीरेंद्रनं बाटली मागे लपवली. "इसको आग नहीं दिखाना है. गुनिया ने साफ मना किया है."

"नको म्हटलं म्हणूनच दाखवायची. कारखान्यात बावीस वर्षं हेच केलं मी. कुठला ट्रक काय घेऊन येवो, कागदावर काय लिहिलेलं असो, साहेब म्हणायचे, बेबीबाई, आटवा. पाणी उडून जाते. खाली उरते थे खरं."

"पापा, चलो यहाँ से."

दयाराम उठला, मुलाजवळ गेला आणि त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. काळा दोरा त्यानं स्वतः तोडला. बेबीबाईनं निखाऱ्यांवर स्टीलची ताटली ठेवली आणि दयारामनं बाटली तिच्यात उपडी केली. गढूळ, लालसर पाणी. ते खदखदायला लागलं तसं बेबीबाईनं त्यावर क्षणभर झाकण धरलं आणि उलटं करून दाखवलं. झाकणालाही थेंब आले होते. तिनं त्यातला एक बोटावर घेऊन बघितला. नुसतं पाणी.

मग ते पाणीही गेलं. ताटलीत उरली राख, शेंदराचा लाल थर, अर्धवट जळालेल्या कागदाचा तुकडा, आणि कडेला चिकटलेल्या दहाबारा चपट्या बिया.

बेबीबाईला बिया ओळखू आल्या होत्या, पण तिनं सांगितलं तर तिचं कोण ऐकणार होतं? दयारामनं काडीनं एक बी ओढली, तळहातावर घेतली, नखानं फोडली. शेतकरी माणूस. दोन वर्षांपूर्वी याच बिया खाऊन त्याचा एक बैल दिवसभर आंधळ्यासारखा खुंटाभोवती फिरत होता.

"धतूरा है ये," तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाल्यासारखं. मग मुलाकडे वळून, मोठ्यानं, "धतूरा है ये!"

"मुझे क्या मालूम!" वीरेंद्र म्हणाला. "उसने इतना ही कहा था कि चक्कर आएगा, होश नहीं रहेगा थोड़ी देर. मतलब उतर रहा है. तब गाड़ी में बिठा के सीधे घर ले आना."

नर्स असलेल्या प्रियंकाला याचा अर्थ सगळ्यात आधी कळला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा थकवा, विनवणी, भावाची भीती, सगळी रात्र एकदमच उतरली. दोन घूँट तो हैं, असं दोन तासांपूर्वी तीच म्हणाली होती. ती भावाजवळ गेली नाही. बापासमोर जाऊन उभी राहिली.

"पापा, अरक मैंने पिछले महीने पिया. पेट दुख रहा था इसलिए पिया. केतन को तीन साल से जानती हूँ. मुझे किसी ने कुछ नहीं पिलाया. अपने मन से पसंद किया है, और बुधवार को अपने मन से साइन करूँगी. आप मानो, चाहे मत मानो."

बेबीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते धुराच्या नावावर पुसलं. हे लीलाबाईनं ऐकायला हवं होतं, असं तिला वाटलं. त्या गावातल्या अंगणात, वाटीसमोर बसलेली असताना.

दयाराम हो म्हणाला नाही, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्याच्या मनातली जात दीड तासात आटून जाणार नव्हती, आणि बेबीबाईलाही तसली आशा नव्हती. त्यानं खाली वाकून ताटली उचलली, अजून चटका बसत होता म्हणून गमछ्यात गुंडाळली. मुलाला म्हणाला, "गाड़ी निकाल. प्रियंका यहीं रहेगी." आणि मग बेबीबाईकडे न बघता, "ये थाली ले जा रहा हूँ. उस गुनिया के मुँह के सामने रखूँगा. लौटा दूँगा, बुधवार को."

"बुधवारी आम्ही घरी नाही," बेबीबाई म्हणाली. "कलेक्टर ऑफिस में रहेंगे. ग्यारह बजे."

जीप सुरू झाली होती. दयाराम गेटपर्यंत गेला, कडी लावायला मागे वळला, आणि कडीशी जरा जास्तच वेळ खुडबुडत राहिला.

"तो वहीं ले आऊँगा," तो म्हणाला.

"आणा," बेबीबाई म्हणाली. "लेकिन माँज के लाना."